आईचा उजवा गुडघा आणि हिरवी खूण

"आर्थ्रोफायब्रोसिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑपरेशननंतर सांध्याच्या आत चिवट पापुद्रे धरून गुडघा आखडणं. आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन सात आठवडे झाले होते. एव्हाना तो नव्वद अंशांच्या पुढे वाकायला हवा होता. साठवर अडकला होता.

मी मोबाइल पुढे केला. "सर, ॲपमध्ये रोज एकशे दहा आहे."

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांच्यासाठी लिहिते. डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला ॲप सुरू करून दिलं, सोबत इंटरनेटवरून आकडे पाठवणारी सेन्सरची पट्टी. ती गुडघ्याला बांधून व्यायाम करायचा. गुडघा पुरेसा वाकला तर हिरवी खूण, नाहीतर लाल. घरी फिजिओथेरपिस्ट लागणार नाही, असं सांगितलं.

मला ते पटलं. औषधांचा तक्ता फ्रिजवर, बर्फाच्या वेळा भिंतीवर, व्यायामाचा आलेख माझ्या मोबाइलवर. आई पनवेलला माझ्याकडे, मी दिवसभर ऑफिसात.

पहिल्या आठवड्यात तीनदा लाल आलं. तिन्ही वेळा मी फोन करून तिला झापलं. "गव्हाणला जायचंय ना? मग वाकव." गव्हाणला तिचं घर, दाराशी चार उंच पायऱ्या. तिथे परत जाणं, एवढंच तिला हवं होतं.

त्यानंतर रोज हिरवं. प्रगती उत्तम म्हणून पुढची तपासणीही मोबाइलवरच उरकली.

आता हॉस्पिटलमधली फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "आजी, घरी बांधता तशी पट्टी बांधून दाखवा."

आईने साडी वर घेतली आणि सराईतपणे पट्टी बांधली. डाव्या पायाला. चांगल्या.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यो दुकतो, ह्यो वाकतो. लाल झाला का हिचा फोन येतो. मास्तरणीवानी वरडते."

"तुम्ही घरी कधी गुडघा वाकवून पाहिला नाहीत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

नाही. आलेख पाहिला होता. ऑफिसात मैत्रिणींना दाखवलाही होता.

मग मॅनिप्युलेशन अंडर ॲनेस्थेशिया. भूल देऊन गुडघा जोर लावून वाकवतात. मी बाहेर बाकड्यावर फाइल घेऊन बसले होते. ॲपचा संदेश आला: आजचा व्यायाम राहिला.

ॲपच्या कंपनीकडे तक्रार केली. पट्टी कोणत्या पायाला बांधायची ते माहितीपुस्तिकेत आहे, असं उत्तर आलं. आहे खरं. इंग्रजीत. पट्टी कोणत्याही पायाला बांधली तरी ॲप शाबासकी देतं, हे मात्र त्यात नाही.

ॲप वापरू नका असं मी म्हणणार नाही. रोज साडी वर करून गुडघा बघा, हात लावा, एवढं सांगेन. माझ्या यादीत बाकी सगळं होतं.

ॲप काढून टाकलंय. आता सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी स्वतः तिचा पाय वाकवते आणि प्लास्टिकच्या कोनमापकाने मोजते. गव्हाण अजून लांब आहे.

"हिरवा झाला?" ती अजून विचारते.

"ब्याऐंशी झाला. दुखलं का, ते सांग."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चिडते का, ते बघत असावी.

"लय दुकलं," ती म्हणाली.