चाळीस ओवलेल्या सुया

"उसवता येतं तोवर चूक नाही. कात्री लागली, मग चूक."

आत्याचं हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. दूध उतू गेलं तरी तेच, भावजयीशी खटका उडाला तरी तेच. तिचा भाऊ तर तिनं तोंड उघडायच्या आत पहिलं अर्धं म्हणून टाकायचा आणि उरलेलं अर्धं तिच्यासाठी ठेवायचा.

एकतीस वर्षं तिनं गणवेशांच्या कारखान्यात फक्त कॉलरी शिवल्या. बाह्या एकीनं जोडायच्या, काजं दुसरीनं करायची, कॉलर हिनं बसवायची. "निम्म्या शहराच्या माना माझ्या हाताखालून गेल्यात," असं ती ऐटीत सांगायची, म्हणून भावानं तिचं नाव कॉलरबाई ठेवलं होतं. लग्न तिनं केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर "मापाचा मिळाला नाही" म्हणून मोकळी व्हायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका बटणवाल्याच्या दुकानावर तिची खोली होती. चौदा पायऱ्या, एक खिडकी, एक कुलूप. कुलपाची किल्ली ती सुती फितीत ओवून गळ्यात घालायची. बाकीच्या बायका सोनं मिरवतात, तशी ती किल्ली मिरवायची.

वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीत, ती पंधरा दिवस भावाकडे यायची. रिकाम्या हातानं बसायला नाही, शिवायला. मागची खोली तिला मिळायची, आणि घराचा नियम होता की सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत त्या खोलीत कुणी डोकवायचं नाही. त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पुडकं पडायचं. भावजयीला उशांचे अभ्रे नाहीतर कामाच्या वेळी बांधायचा एप्रन, भाचीला पिशवी नाहीतर झगा. भावाला मात्र दर वर्षी पांढरा शर्टच. सुट्टी संपल्यावर तोच घालून तो तिकीटखिडकीवर बसायचा, आणि रोजचे प्रवासी खिडकीतूनच म्हणायचे, "काय साहेब, बहीण येऊन गेली वाटतं!"

आत्याचं गुपित पहिल्यांदा कळलं ते भाचीला. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीला घरी आली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चहा घेऊन गेली तर दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत्या कात्री शोधत होती. कात्री समोरच होती, तिच्या हातापासून वीतभर. पण तिचा हात टेबलाच्या कडेकडेनं चाचपत चालला होता. मग कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून तिनं कात्रीकडे पाहिलं, म्हणजे खरं तर कात्रीच्या बाजूला पाहिलं, आणि मग ती अचूक उचलली.

शेजारी सुयांची गोल उशी होती. तिच्यात चाळीस सुया टोचलेल्या होत्या, आणि प्रत्येक सुईत हातभर दोरा आधीच ओवलेला होता.

भाचीची नजर कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे गेली. त्याच्यावर दोन वर्षं चादर पडून होती. "मशीनची टीप भेटीला शोभत नाही, हाताच्या टाक्यात माणूस असतो," असं आत्या म्हणाली होती, आणि भाचीच्या आईनं ते वाक्य चार घरी कौतुकानं सांगितलंही होतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, की मशीनच्या सुईत दोरा तिथल्या तिथंच ओवावा लागतो, आधी ओवून ठेवता येत नाही.

त्या दिवसापासून भाचीला जेवण गोड लागेना. गेल्या वर्षी समोरच्या म्हातारीला तिच्या लेकानं आपल्या घरी नेलं, तेव्हा आत्या म्हणाली होती, "चांगलं ठेवतील गं तिला. पण दुसऱ्याच्या घरात नुसती बसलेली बाई म्हणजे घडी घालून ठेवलेलं कापड. जपतात सगळे, वापरत कुणी नाही." बाबांना एक शब्द कळला तर ते त्याच दिवशी आत्याचं सामान घेऊन येतील, हे भाचीला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा बहिणीवर जीव होता. खरी अडचण तीच होती. पण न सांगावं, तर त्या चौदा पायऱ्या डोळ्यांपुढून हलेनात. सांगावं तरी पाप, न सांगावं तरी पाप, अशा कात्रीत तिचे पाच दिवस गेले.

आठव्या दिवशी आत्या आणि बाबा फिरायला गेले, तेव्हा नियम मोडून भाची मागच्या खोलीत शिरली. उशीत अकरा सुयांनाच दोरा उरला होता. बाकीच्या एकोणतीस रिकाम्या. अजून शर्टाची कॉलर बाकी. कॉलर आत्या नेहमी शेवटी बसवायची. भाचीनं रिळांचा डबा ओढला आणि एकेक सुई ओवली. ओवून झाल्यावर आपल्या वर्गात खडू मांडते तशा तिनं सगळ्या सुया नीट मांडल्या. भडक रंग पुढे, मुलांना आवडतात तसे. तांबडा पहिल्या ओळीत, मग शेंदरी, पिवळा, निळा, काळा. पांढरा अगदी शेवटी.

दुसऱ्या दिवशी जेवून उठता उठता आत्यानं भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. सावकाश, कापडाचा पोत बघावा तसा. भाचीला वाटलं, आता हे दोघींचं गुपित झालं. त्या रात्री ती शांत झोपली.

शेवटच्या संध्याकाळी पुडकी निघाली. भावजयीला खिशांचा एप्रन मिळाला. भाचीच्या पुडक्यात चिंध्या जोडून केलेली पिशवी होती, दर चौकोन वेगळ्या वर्षीच्या कपड्याचा. भावानं आपलं पुडकं उघडलं, शर्ट झटकला आणि दिव्यासमोर धरला.

"अगंबाई!" भावजय म्हणाली. "तांबडा दोरा!"

पांढऱ्या कॉलरीच्या कडेनं तांबडे टाके धावत होते. बारीक, सारख्या अंतरावर, एकतीस वर्षांच्या सवयीचे, आणि लालभडक.

भाऊ हसत सुटला. "ताई, मला तिकीटखिडकीवर बसायचंय, बँडात नाही!"

आत्याही हसली. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. "कुठला तांबडा?" ती म्हणाली.

भावाचा हात शर्टासकट खाली आला. ते दोन शब्द ऐकून सगळ्यांना सगळं कळलं.

"आण इकडं," आत्या म्हणाली. "उसवता येतं."

"राहू दे, ताई."

"आण म्हणते ना!"

तिनं शर्ट मांडीवर घेतला, ब्लेड घेतलं आणि दिव्याच्या अगदी जवळ सरकली. बोटाच्या टोकानं टाका शोधायचा, ब्लेडचं टोक खाली सारायचं, तोडायचं. पाच टाके निघाले. दहा निघाले. मग चर्र असा लहानसा आवाज झाला. दोन बोटं कॉलर फाटली होती. आत्यानं त्या फटीत बोट घालून पाहिलं आणि ब्लेड खाली ठेवलं.

भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. मधोमध धुकं आहे, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, हे काही निवळायचं नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू काय केलं असतंस, ते मला ठाऊक आहे."

"तेच करणार! उद्या खोली रिकामी करू. तू इथंच राहायचं."

"मागची खोली तुमचीच आहे, ताई," भावजय म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला कशाला हात लावू देणार नाही मी."

आत्याचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

"सुया मी ओवल्या," भाची म्हणाली. "बाबा, क्रम मी चुकवला. तिनं नाही."

"त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो. गेल्या वर्षीचा शर्टही तिनं असाच शिवला होता. न बघता. तुम्ही तो वर्षभर मिरवलात ना?"

बापानं कॉलरीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आणि जिन्यावरून पडली तर?"

आत्यानं शर्टाची घडी घातली आणि तो भावाच्या हातात दिला.

सकाळी आत्या पिशवी भरत होती तेव्हा भाची दारात येऊन उभी राहिली.

"मला विचारायचं होतंस," आत्या म्हणाली. पाठ तशीच होती.

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय, बरं वाटतंय?"

भाची रडायला लागली. आत्यानं तिला जवळ ओढलं नाही. ती पिशवीच भरत राहिली. "पाच वर्षांची होतीस, तेव्हा तूच ओवून द्यायचीस. क्रम मी शिकवला होता. दिवस मावळतो तसा. पांढरा, पिवळा, शेंदरी, तांबडा, निळा, काळा. आता बटणवाला ओवून देतो, क्रम त्याच्या लक्षात आहे, तो चुकत नाही. मला वाटलं, तुझ्याही लक्षात असेल."

भाचीला तो क्रम आठवला. अगदी लख्ख आठवला, आणि म्हणूनच जास्त लागला.

"मी येत जाईन सुया ओवायला," ती म्हणाली. "दर आठवड्याला."

"बघू," आत्या म्हणाली. पण सुयांची उशी तिनं पिशवीत भरली नाही. खिडकीतच ठेवली.

भाऊ फाटकाशी उभा होता. अंगात तोच शर्ट, तांबड्या टाक्यांचा, फाटक्या कॉलरीचा. बहिणीला जाऊ द्यावं की नाही, यावरून तो रात्रभर बायकोशी वाद घालत जागला होता, हे डोळ्यांवरून दिसत होतं. त्यानं बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, थोडा वेळ धरली आणि परत तिच्याच हातात दिली.

"उसवता येतं तोवर चूक नाही," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा थांबला.

आत्यानं चाचपत त्याची कॉलर सरळ केली. उरलेलं अर्धं तिनं म्हटलं नाही. ती चालू लागली.

एक हात कुंपणाच्या भिंतीला होता, नुसता टेकल्यासारखा. पावलं सावकाश, पण अडखळत नव्हती. भिंत संपली तिथं ती थांबली, मागून येणाऱ्या एका बाईला पुढं जाऊ दिलं आणि तिच्या पावलांच्या आवाजामागून रस्ता ओलांडला. फाटकाशी उभा असलेला भाऊ दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. पुढच्या खिडकीत भाची उशी छातीशी धरून बघत होती. सुया टोचत होत्या, तरी तिनं उशी सोडली नाही.

कोपऱ्यावर आत्यानं मान वळवली. ती मागं वळून त्या दोघांकडे बघत होती की पुढचा रस्ता, हे भाचीला कळेना. समोरचं बघायला तिला मान वळवावीच लागायची.