मुठीआडचा मंत्र

"सांगितला की मेला," असं म्हणून आबा उजवी मूठ तोंडाशी धरायचे. साप चावलेलं माणूस ओट्यावर पडलेलं, भोवती अर्धं गाव, आणि त्या मुठीआड आबांचे ओठ हलतायत. आवाज मात्र नाही. विष उतरवायचा मंत्र त्यांना त्यांच्या गुरूनं कानात दिला होता. तो दुसऱ्याच्या कानावर गेला की त्याची ताकद कायमची संपते, अशी अट होती.

तुम्ही हसाल. मी हसायचे नाही, चिडायचे. मी वरकुट्याची आशा कार्यकर्ती. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या बाळाची लस राहिलीय, हे बघत फिरायचं आणि साप चावला तर आधी दवाखाना गाठा म्हणून घसा कोरडा करायचा, हे माझं काम. लोक माझं सगळं ऐकून घेत, मान डोलवत आणि वेळ आली की सरळ आबांचा ओटा गाठत.

"काय आशाबाई, आज किती पोरं रडवली?" आबा लांबूनच विचारायचे.

"तुमच्यापेक्षा कमीच, आबा."

यावर खो खो हसायचे. राग म्हणून कधी धरला नाही.

लबाड असते तर भांडायला सोपं गेलं असतं हो. पण ह्या माणसानं उभ्या जन्मात उताऱ्याचा एक पैसा घेतला नाही. बोलावणं आलं की हातातला घास ताटात टाकून उठायचं, हीही गुरूचीच अट. सख्ख्या मुलीच्या साखरपुड्यात पाहुणे बसलेले सोडून जुन्या मोपेडवरून भिगवणच्या बाजूला गेले होते. दोन्ही पाय जमिनीला घासत ती गाडी चालवायचे. बायको चार दिवस बोलली नाही.

अलीकडं तर साप न चावलेली माणसंच त्यांच्याकडं जास्त यायची. लोणी देवकरला कंपनीत जाणारा एक जण एकदा माझ्यादेखत येऊन बसला. डोळे तांबारलेले. "आबा, फोनमधला एक म्हणतो सगळं सोडून दे, दुसरा म्हणतो झोपू नको, झगड. एक म्हणतो ग्रह वाईट हायती. म्या कुणाचं ऐकू?"

आबा म्हणाले, "मला त्यातलं काय ठाव न्हाय. जेवलास का?"

तो जेवला नव्हता. आबांनी त्याला भाकरी आणि डाळवांगं वाढायला लावलं. जेवून जाताना तो जरा माणसात आलेला दिसला. मेली माझी घरोघर वाटायची पत्रकं! मनातल्या मनात मी जळले.

दोन वर्षांमागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी गरोदर बायांच्या नोंदी करत एका वस्तीवर होते. नवऱ्याचा फोन आला. उसाच्या बांधावर गवत कापताना आईला घोणस चावली, आबांच्या ओट्यावर आणलंय. मी कागद तिथंच टाकून पळत सुटले.

ओट्यावर सासूबाई पडलेल्या. पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत सुजून काळानिळा. आणि भोवतीची माणसं फोनमध्ये डोकं घालून! एक म्हणतो दोरीनं करकचून बांधा, एक म्हणतो ब्लेडनं कापा, एक कुठलासा खडा लावायचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवतोय. दहा फोन, दहा उत्तरं. म्हातारी मात्र एकच धरून बसलेली. "मी हितनं उठायची न्हाय. उतारा चालू असताना उठलं तर माणूस मरतं."

मी नवऱ्यावर ओरडले. "उचला त्यांना! पिकअप आणा!"

"आई न्हाय म्हणतीय ना," असं म्हणून तो रडायलाच लागला. चांगला बाप्या माणूस, पण आईपुढं त्याचा पाय उचलेना.

मी इंदापूरच्या दवाखान्यात फोन लावला. सापाच्या विषावरची लस होती. तेवढ्यात सासूबाई थुंकल्या. थुंकीत रक्त होतं.

आबांचे ओठ थांबले. मूठ तशीच तोंडाशी. ते माझ्याकडं बघत होते.

"आशाबाई, तितं औषध हाय? नक्की?"

"आहे. आत्ता विचारलं."

"जगंल का ती?"

खोटं बोलायला माझी जीभच वळेना. "माहीत नाही, आबा. पण इथं ठेवल्या तर जातील."

एक म्हातारा दमात म्हणाला, "आबा, तुमी तुमचं चालू ठेवा. ह्या पोरीचं काय ऐकता?"

आबा उठून उभे राहिले. मूठ खाली घेतली. आणि सगळ्यांच्या देखत, दवंडी दिल्यासारखा, त्यांनी तो मंत्र मोठ्यानं म्हटला. दहाबारा शब्द होते. गुरूचं नाव, नागोबाची शपथ आणि शेवटी तीनदा उतर, उतर, उतर. बस्स, एवढंच. कुणीतरी "अरारारा" म्हणालं. एका बाईनं कानांवर हात ठेवले.

आबा सासूबाईंपुढं वाकले. "ऐकलास न्हवं? संपला. आता माझ्याकडं काय न्हाय. ऊठ, दवाखान्यात चल."

सासूबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "उचल मला."

पिकअपच्या हौद्यात आबाही चढले. अर्धा तास सासूबाईंचा पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले. दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या चढल्या, लघवी बंद झाली, पुढं पुण्याला न्यावं लागलं. पंधरा दिवसांनी सासूबाई चालत घरी आल्या.

मी पेढे घेऊन आबांकडं गेले. वाटलं, आता चेष्टा करतील. ते भिंतीला टेकून बसले होते.

"तुझी सासू वाचली, लई बरं झालं," ते म्हणाले. "पण म्या बसून इचार करतोय. तिला औषधानं गुण आला. मग माझ्या हितं जी गेली, ती? चार गेली, पोरी. दर बारीला म्या म्हणलं, त्याची येळ भरली व्हती. त्या वड्यापल्याडच्या बाईचा नवरा माझ्या मांडीवर गेला. तिचा भाऊ जीप घिऊन आला व्हता. म्याच म्हणलं, हलवू नका. ती बाई अजून मला रामराम घालती. आता तिला तोंड कसं दावू, सांग."

मी. जिच्याकडं प्रत्येक गोष्टीला पत्रक असतं ती मी, पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढं सरकवून उठले. उगाच काहीतरी समजूत घालायला हवी होती का? अजून कळत नाही.

त्यानंतर ओट्यावर कुणी फिरकेना. काही जण तर त्यांच्यावर चिडून होते, गावाचा आधार घालवला म्हणून. मागच्या थंडीत आबा झोपेतच गेले.

त्यांच्या दहाव्याला ती ओढ्यापलीकडची बाई आली होती. आम्ही दोघी कडेला बसलो. मी विचारलं, "मावशी, आबा तुमच्याकडं आले होते का हो कधी?"

"आलते की. दिवाळीच्या आधी. उंबऱ्यात बसले. म्हणले, तुझा नवरा दवाखान्यात वाचला असता, म्या जाऊ दिलं न्हाय. लहान लेकरावानी रडले."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, मला ठावं हाय, आबा. तवापास्नं ठावं हाय."

"मग इतकी वर्षं रामराम का घालत होता त्यांना?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. "त्यास्नी तवा ठावं नव्हतं न्हवं," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा माणसांत जाऊन बसली.