शेंड्याचा हुकूम आणि मावशींचं भिंग

शाळेत अशी वावडी होती, की प्रयोगशाळेतल्या मावशी वाटाण्याच्या रोपांना चोरून साखर घालतात. साफ खोटं. डब्यातली साखर जायची विज्ञानाच्या सरांच्या चहात, तीन चमचे, तेही शीग लावून. रोपं आपली साखर आपल्या पानांत करून घेत. मावशी फक्त पाणी घालत.

आता सरांचं म्हणाल, तर निरीक्षणाचा तक्ता ते प्रयोगाच्या आधीच भरून मोकळे होत. त्यांचं म्हणणं, शेंड्यातून खाली येणारं संप्रेरक बाजूच्या कळ्यांना 'वाढू नका' असा हुकूम देतं. शेंडा खुडला की तो हुकूम उठतो. पण तासाला एक सेंटिमीटर या चालीने. कळी तीस सेंटिमीटर खाली, म्हणजे आज सकाळी खुडलं तर ती जागी होणार उद्या दुपारनंतर. वीस वर्षं हेच, त्याच निळ्या शाईत. वेगळं वागायची रोपांची काय बिशाद?

यंदा मावशींनी भिंग लावून पाहिलं आणि तक्त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'सहा तासांत हलली.'

सरांनी घसा खाकरला. "मुळात काय आहे ना मावशी, नळ्या धुणाऱ्याने नळ्या धुवाव्यात." एवढ्यावर भागलं नाही. खोटी नोंद केली म्हणून मुख्याध्यापिकाबाईंकडे तक्रार गेली, यांना दप्तरखान्यात हलवा.

मावशींनी भिंग पदराने पुसलं. दप्तरखान्यात वाढते ती फक्त धूळ, तिला भिंग लावून काय करायचं?

बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी सगळ्यांसमोर करून बघू."

सकाळी आठला मावशींनी तीन रोपांचे शेंडे खुडले, तीन तशीच ठेवली, आणि प्रत्येक कळीमागे रेघा मारलेली कागदाची पट्टी लावली. हे लिहिणाऱ्या शहाण्या विद्यार्थ्याने सरांच्या नोट्स घोकलेल्या. तो ऐटीत म्हणाला, "मावशी, दोनपर्यंत कळी हलली तर महिनाभर नळ्या मी धुईन. हुकूम उठायच्या आत हलेलच कशी?"

"अरे, शेंडा खादाड असतो. सगळी साखर वर ओढतो. तो गेला की तीच साखर लगेच कळीकडे वळते. पुढ्यात ताट आल्यावर हुकमाची वाट कोण बघतं? हुकूमही उठतो, पण मागाहून. पुढची वाढ त्याच्या जोरावर."

दोन वाजता खुडलेल्या तिन्ही रोपांच्या कळ्या रेघेच्या वर सरकलेल्या. न खुडलेल्यांच्या जागच्या जागी.

"मुळात हा अपवाद आहे," सर म्हणाले.

"तिन्ही कुंड्यांत?" बाईंनी विचारलं, आणि तक्ता मावशींच्या हाती दिला. "यापुढे हा तुम्हीच भरा. इथेच बसून."

सरांना तेवढ्यात स्टाफरूममधलं काहीतरी काम आठवलं.

आज पैजेचा सव्विसावा दिवस. मावशी प्रत्येक नळी उजेडाकडे धरून बघतात, आणि निम्म्या परत देतात.