पाच महिन्यांचं निर्माल्य

माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. सिंहगडाच्या वाटेवर मी बिबट्याला ताक पाजलं, ही हकिकत मी गेली तीस वर्षं सांगतोय आणि दर वर्षी तो बिबट्या हातभर लांब होतो. आमची ही चहाचा ट्रे घेऊन आली की पाहुण्यांना म्हणायची, "यांचं ऐकताना चारने भागायचं बरं का." दिवाळीनंतरच्या एका सकाळी तिने देवपूजा केली, फुलं वाहिली, ओट्यापाशी गेली आणि खाली बसली ती उठलीच नाही. धायरीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मग भागणारं कुणी राहिलं नाही, आणि मीही बोलेनासा झालो.

देवाशीसुद्धा. सुतकात घरच्या देवांना हात लावायचा नाही, ही रीत. लोकांचं सुतक तेरा दिवसांत फिटतं, मी पाच महिने पाळलं. देव्हाऱ्याचं दार लोटलं ते लोटलंच. दत्तगुरूंशी मी अबोला धरला होता. चूक त्यांची, तेव्हा आधी त्यांनी बोलावं, असा माझा हिशेब. मुलगी वारज्याहून यायची, डबे ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, दिवा तरी लावत जा. नाहीतर देव मी नेते. माझ्याकडे पूजा तरी होईल." मी हूं म्हणून खिडकीबाहेर बघायचो.

गॅलरीत हिच्या झिनियाच्या कुंड्या होत्या. लाल, शेंदरी आणि एक गुलाबी, की जिच्याकडे बघून विमानं वाट चुकायची. फूल उमललं की लगेच तोडलेलं तिला खपत नसे. ते जून होईपर्यंत झाडावर मधमाश्यांसाठी राहायचं, मग देवाला. ती गेली, मी पाणी घातलं नाही, झाडं वाळून गेली. मार्चमध्ये औषधांच्या खणात होमिओपॅथीची एक छोटी बाटली सापडली. आत तिने राखलेलं झिनियाचं बी. एकवीस दाणे. मी लोटलेल्या दाराकडे बघून मनातल्या मनात पैज लावली, यातला एक जरी उगवला तरी तुम्ही या घरात राहाल. नाही उगवला, तर मुलीकडे.

आणि मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे पेरणी केली. बी दोन दिवस भिजत घातलं. कुंडीत बोअरवेल खणतात तसे खड्डे केले, प्रत्येकात एक दाणा सोडून माती थोपटली. दिवसातून तीन वेळा पाणी, तेही तांब्याने. तीन आठवडे गेले तरी काही नाही. एका मंगळवारी चमच्याने उकरून पाहिलं, तर खाली नुसता काळा लगदा. तिच्या हातचं जे शेवटचं घरात होतं ते मी बुडवून मारलं होतं. चमचा तसाच हातात धरून मी गॅलरीत किती वेळ बसलो ते सांगत नाही. सांगितलं तर फुगवल्यासारखं वाटेल. नंतर मुलीला फोन केला. "गुरुवारी ये. देव घेऊन जा."

बुधवारी दुपारी देव बांधायला फडकं काढलं आणि पाच महिन्यांनी ते दार उघडलं. तिने वाहिलेली झिनियाची फुलं तशीच होती, वाळून तपकिरी झालेली, दत्ताच्या पायाशी एक, बाळकृष्णाच्या डोक्यावर एक. ती मांडणी तिच्या बोटांची. ती हलवायला माझा हात होईना. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक म्हातारी बाई. हातात पिशवी, जिना चढून धापा टाकत होती. "माझा संजय इथंच राह्यते ना जी?" नागपूरकडची असावी. संजय शेजारच्या इमारतीतला. ती एक इमारत चुकली होती. मी पाणी दिलं. ती टेकली आणि तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

"काहून जी भाऊ, देव पारोसे ठेवले?"

एरवी माझ्याकडे अशा प्रश्नाला सतरा उत्तरं असतात. त्या दिवशी खरं तेवढंच तोंडातून निघालं. "बायकोने वाहिलेली फुलं आहेत. ती गेली. नंतर हात लावला नाही."

ती उठली. मोरीत जाऊन हात धुऊन आली, देवाला नमस्कार केला, दत्ताच्या पायाजवळचं फूल उचललं आणि तळहातावर चोळून फुंकर मारली. भुसा उडाला. तळहातावर भाल्याच्या टोकासारखे चपटे दाणे राहिले. "हे पाह्य. बियाणं ठेवून गेली बाई. आमच्याकडं पेराच्या आधी बी देवापुढंच ठेवतेत."

मी माझ्या पेरणीची कहाणी सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. "बी पेरलं का विहीर खांदली? नखाएवढी माती लागते. पाणी शिंपडाचं जी, ओताचं नाही."

ती संजयकडे गेली. बागेतल्या बाकावरच्या मित्रांना मी सांगितलं की जिन्यात पाहिलं तर बाई गायब, पायरीवर नुसता अबीर. तुम्हाला खरं सांगतो. ती शेजारच्याच इमारतीत आहे, आणि तिथली लिफ्ट बंद पडली की तिचा आवाज माझ्या गॅलरीत येतो.

त्याच संध्याकाळी मी सगळं निर्माल्य उतरवून कागदावर चोळलं आणि नखाएवढ्या मातीखाली पेरलं. देवांना ताम्हनात घेऊन आंघोळ घातली. गुरुवारी मुलगी आली तेव्हा कुंडीत काहीही उगवलेलं नव्हतं.

"नेऊ ना बाबा?"

"आत्ता तर कुठे बसलेत आंघोळ करून. कुठे नेतेस."

ती आत गेली आणि तिने स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू ठेवला.

पैज मी हरलो होतो, पण ती लावायला मी कोण, हे तोवर मला कळलं होतं. मी दार लोटून देवाला शिक्षा देत होतो, आणि तो त्याच अंधारात हिचं बी कोरडं राखून बसला होता. सहाव्या दिवशी नऊ कोंब आले.

घर अजून तसंच मुकं आहे. दुपारी फ्रिज सुरू झाला की कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. पण सकाळी ताम्हनात देव ठेवतो तेव्हा काही मागत नाही. काय मागावं ते कळतच नाही, आणि त्यात आता बरं वाटतं. काल पहिलं फूल उमललं, गुलाबी. तोडलं नाही. देव्हाऱ्यापाशी जाऊन नुसतं सांगून आलो, आलंय म्हणून.