मिलिंदचा गुडघा

बडोदं सोडलं त्या दिवशी माझा धाकटा भाऊ मिलिंद स्टेशनवर कुबडी टेकून उभा होता. त्याला हिमोफिलिया; रक्त लवकर गोठत नाही. पाय जरा मुरगळला की आतल्या आत रक्त साचून गुडघा टम्म फुगायचा. आई म्हणाली, "नीट शिक, याच्यासाठी काहीतरी कर." तो हसत गुजरातीत निरोप देत म्हणाला, "ताई, आवजो!" गाडी सुटली तेव्हा मला रडू कमी येत होतं आणि अभिमान जास्त वाटत होता.

आता बोस्टनच्या लॅबमध्ये मी त्याच आजाराच्या जीन थेरपीवर काम करते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवाटे चांगलं जनुक यकृतात पोचवायचं, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन शरीर स्वतःच बनवतं. दर रविवारी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घरी व्हिडिओ कॉलवर मी हे तिखटमीठ लावून सांगायचे. डॉक्टरांनी गुडघा बदलायचं ऑपरेशन सुचवलं, तर मीच शहाणपणा केला, "थांब रे, आमचं इंजेक्शन येतंय. आधी ते घे, मग ऑपरेशन सोपं जाईल."

आमचं इंजेक्शन त्याला चालेल का हे पाहायला दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी झाली; रिपोर्ट माझ्याकडे आला. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं त्याच्या अंगात आधीच भरपूर होती. म्हणजे विषाणू यकृतात पोचायच्या आधीच मारला जाणार; आमची थेरपी त्याला चालणार नव्हती. रिपोर्ट मी उघडला, एका नजरेत समजला, आणि घरी सांगितलं, "प्रोसेस चालू आहे." लाज वाटते हो लिहायला! त्याला वाईट वाटेल म्हणून नव्हे, माझा तोरा उतरेल म्हणून गप्प बसले. कॉन्फरन्समध्ये मात्र "माझा भाऊ" अशी सुरुवात करून टाळ्या घेत राहिले.

तिकडे तो बिचारा थांबला. वाघोडियाच्या कारखान्यात नेणाऱ्या कंपनीच्या बसची पायरी चढवेना, तेव्हा नोकरी सोडली. आई शेजारपाजारी सांगत होती, "आता थोडेच दिवस."

गेल्या रविवारी एकदाचं सांगून टाकलं. आई उठून गेली. मिलिंदनं फोन स्वतःकडे वळवला.

"अगं, तेव्हाच सांगितलं असतंस तर नोकरी तरी राहिली असती."

मी माफी मागायला लागले, तर म्हणाला, "राहू दे. ऑपरेशनची तारीख घेतो. पायावर उभं राहताना धरायला कोणीतरी लागेल."

मी सहा आठवड्यांची रजा टाकली आहे. आई अजून फोनवर येत नाही. बडोद्याच्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला घरची आठवण येते का विचारता. येते. पण घर म्हणजे आता ती जागा, जिथं कुठल्या तोंडानं जाऊ कळत नाही, आणि गेल्यावाचून गत्यंतर नाही.