बादलीतली लिली

मांजरी घरात आली त्याच आठवड्यात मी आमच्या क्वार्टरमधल्या झाडांची यादी केली. मनीप्लांट, कोरफड, डिफेनबेकिया. मांजरांना जे जे विषारी, त्या सगळ्या कुंड्या शेजारणीकडे पोचवल्या. यादी कुंड्यांची होती. तोडलेली फुलं मी धरलीच नव्हती.

नवरा स्टील प्लांटमधून रिटायर झाला. त्याच्या शॉपमधली, म्हणजे खात्यातली, माणसं त्याला हार घालून, गुच्छ देऊन, बाजा वाजवत दारापर्यंत सोडायला आली. अशा दिवशीचे गुच्छ आमच्यात कोणी टाकत नाही. मीच त्यांचे चमकी कागद काढले आणि सगळे व्हरांड्यात पाण्याच्या बादलीत उभे केले. त्यात लिली होती.

सकाळी मांजरीच्या छातीवर नारिंगी भुकटी दिसली. मी कोरड्या फडक्यानं पुसली आणि कामाला लागले. दुपारी ती ओकली, मग पलंगाखाली जाऊन बसली. तेव्हा मी मोबाइलवर शोधलं. लिलीचं पान, पाकळी, पराग, बादलीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी घालवतं.

दुर्गच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं. "देर हो गई है. पेशाब उतरना चाहिए, बस."

तीन दिवस आम्ही तिला टोपलीत घालून स्कूटरवर नेत होतो. मी कागदावर वेळ, सलाइन, लघवी असे रकाने आखले होते. लघवीच्या रकान्यात नुसती फुलीवर फुली. दर तासाला मी तिच्याखालचं फडकं हातानं चाचपायची. कोरडं.

"माह्यासाठी आणली होती वं ती फुलं," नवरा म्हणाला. "मले का मालूम, फुलात जहर असते म्हणून?"

"तुमाले नाही जी," मी म्हणाले, "मले मालूम असाले पाहिजे होतं. अख्ख्या घराले शिकवत फिरतो मी."

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. मूत्राशय रिकामं होतं; किडन्या लघवी तयारच करत नव्हत्या. "एक इंजेक्शन देके सुला देते हैं. तकलीफ खत्म."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तूच सांग. माह्या तोंडून नाही निघत."

उपयोग नाही हे मला कळत होतं. तिला आता मानही उचलवत नव्हती.

"एक सलाइन और लगाइए," मी म्हणाले.

डॉक्टरांनी दुसऱ्या पायाची शीर शोधली. सुई शिरली तशी ती ओरडली, आणि तिचे पुढचे पाय मीच घट्ट धरून ठेवले होते.