कोरड्या दगडावर बसलेले बापलेक

समजा, तुम्ही घोड्यावर बसावं तसे एका लाकडी बैठकीवर टांग टाकून बसला आहात. समोर हातभर अंतरावर दगडी चाक गरगरतंय. तुमच्या हातात जेवणातला काटा आहे, नुकताच घडवलेला, काळा आणि खरबरीत. तो चाकावर टेकवायचा. चाकावर पाणी नाही, म्हणून पोलादाची आणि दगडाची धूळ सरळ तोंडावर येते. आता श्वास घ्या.

इंग्लंडमधल्या शेफील्ड या सुऱ्या-काट्यांच्या शहरातली आमची शेजारीण मॅव्हिस डंगवर्थ हिचे पणजोबा सेथ हेच करायचे. पूर्वजांचा शोध घेताना तिला त्यांच्या लग्नाची नोंद सापडली. धंदा : काटे घासणारा, कोरडा.

"भांडी घासणाऱ्यांचं घराणं!" तिचा नवरा क्लिफ खूश झाला. "आणि आपल्या मोरीत सकाळपासूनचे कप पडलेत!"

मॅव्हिसही हसली. पुढे कळलं की सेथचे वडील एनॉक यांचाही हाच धंदा होता. दोघांनीही तिशी गाठली नव्हती.

ती मला घेऊन ओळखीच्या म्हाताऱ्या वॉल्टकडे गेली. त्याने जन्मभर सुऱ्यांना धार लावली, पण ओल्या दगडावर. चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला, "धूळ ओढून नेणारा पंखा तेव्हाही होता की. पुष्कळ घासणाऱ्यांनीच तो लावू दिला नाही."

"का?"

"सगळेच म्हातारे होईस्तोवर जगले, तर काम कुणाकुणाला पुरणार?"

मॅव्हिसला वाटलं, म्हातारा नेहमीसारखी फिरकी घेतोय. "चल, काहीतरीच!"

फिरकी नाही, अशी वॉल्टने मान हलवली. बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तो त्याने काढला नाही.

एनॉकची बायको, म्हणजे सेथची आई, केझाया. मॅव्हिसचं मधलं नाव तिचंच. 'केझायाने पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं,' हे घरात सगळे सांगत आलेले.

"तिने नवऱ्याला खोकून खोकून मरताना पाहिलं," मॅव्हिस म्हणाली. "मग पोराला त्याच दगडावर कसं बसवलं?"

"अगं बाय," वॉल्ट म्हणाला, "बाप ज्या धंद्यात, तिथेच पोराला जागा मिळायची. दुसरीकडे कोण उभं करणार त्याला?"

"त्यापेक्षा उपाशी ठेवायचं!"

"बोलणं सोपं आहे, लाडके."

मी मॅव्हिसचा हात धरला.

परतीच्या चढावर तिला धाप लागली. ती कुणाच्या तरी कुंपणाला टेकून उभी राहिली.

"पहिल्या दिवशी सेथ कामाला निघाला असेल," ती म्हणाली, "तेव्हा केझाया दार अडवून उभी राहिली असेल का गं? की तिनेच त्याची भाकरी बांधून दिली?"